परळचे मत

परळ हे नाव ऐकले नाही असा मराठी माणूस मिळणे कठीण. कोकणातल्या एखाद्या गावी मे महिन्यात उतरलेल्या चाकरमान्याला "मुंबईस कुठे असता?" असे विचारले, की परळ, लालबाग, शिवडी यांपैकी एखादे नाव हमखास यायचे. असे हे नामांकित परळ. परंतु महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची यादी आज उघडली, तर तीत ते सापडत नाही. २००४ साली परळने स्वतःच्या नावावर अखेरचा आमदार निवडला. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली आणि परळ हे नाव यादीतून पुसले गेले.

आता मतदारसंघ म्हणजे काही देऊळ नव्हे किंवा किल्ला नव्हे, की त्याच्या पडझडीवर अश्रू ढाळावेत. ती एक कागदावरची रेघ. परंतु ती रेघ कशावरून ओढली आणि तिच्या आत कोणाला घेतले व कोणाला वगळले, हे पाहू लागले की एका वस्तीचा सबंध इतिहास हाती येतो. मी या भागात मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. निवडणुकीचे वारे सुटले की खडू खाली ठेवून मतदारांच्या याद्या काखेत मारणे आम्हा मास्तरांच्या कपाळी लिहिलेलेच असते. त्या याद्या चाळता चाळता मला एक गोष्ट उमगली, ती वाचकांना सांगावी म्हणून हा उद्योग. मधूनमधून आकडे येतील. पण ते चकलीच्या काट्यांहून अधिक टोचणार नाहीत अशी काळजी घेतो.

ती गोष्ट अशी : परळात मत आले ते खोलीच्या मागून आले, आणि गेले तेही खोलीच्या मागूनच.

प्रारंभ जरा लांबून करावा लागेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परळ हे मुंबईचे उपनगरच होते. खरी मुंबई म्हणजे कोट, काळबादेवी, भुलेश्वर, गिरगाव. परळ म्हणजे मोकळी हवा, आमराया आणि गव्हर्नरसाहेबांचा वाडा. त्या वाड्यात गव्हर्नर राहत होते ते १८८० च्या दशकापर्यंत. पुढे प्लेगच्या धामधुमीत, १८९९ साली, तिथे डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. म्युनिसिपालिटीच्या वाटणीत परळ, शिवडी, सायन हा सारा मुलूख 'एफ वॉर्ड' म्हणून ओळखला जाई.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार जस्टिस मंडळींच्या नावे आणि म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती गेला. साहेब मोठे कर्तबगार, पण खर्चाला हात सैल. शेवटी कर भरणारे नागरिक ओरडू लागले, आणि त्या ओरडीतून १८७२ चा कायदा निघाला. कार्पोरेशनात चौसष्ट सभासद : सोळा सरकारने नेमलेले, सोळा जस्टिसांनी निवडलेले आणि उरलेले बत्तीस करदात्यांनी निवडून दिलेले. हिंदुस्थानातल्या शहरांना हा मोठाच नवलाचा प्रकार होता. परंतु करदाता कोणता? तर वर्षाला निदान पन्नास रुपये कर भरणारा! गिरणीत राबणाऱ्याची ती कित्येक महिन्यांची कमाई. शिवाय घराचा कर भरायचा तो घराच्या मालकाने. तेव्हा ज्या चाळीत शेदोनशे माणसे राहत, त्या चाळीच्या मालकाला मत असे, चाळीला नसे.

१८८८ च्या कायद्याने सभासद बहात्तर केले आणि पन्नासाचे तीस रुपये केले. हा कायदा घडवण्यात फिरोजशहा मेहतांचा वाटा मोठा, आणि मुंबईचा कारभार पुढे याच कायद्यावर चालला. तो पुढे टाकलेला पाय होता यात शंका नाही. मौज एवढीच, की कराच्या या हिशेबात घरपट्टीबरोबर गाड्याघोड्यांवरचा करही धरला जाई. म्हणजे घोडागाडी बाळगणाऱ्याला तिच्या जोरावर मत मिळू शके. ती हाकणाऱ्याला मात्र नाही.

दरम्यान परळचे रूप पालटत चालले होते. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला कापडाची पहिली गिरणी काढली आणि पन्नास वर्षांत परळ-लालबागच्या आमरायांच्या जागी धुराडी उभी राहिली. घाटावरून आणि कोकणातून माणसे आली. त्यांच्यासाठी चाळी उठल्या. १८९६ च्या प्लेगानंतर शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्याच्या चाळी झाल्या. १९२० नंतर बी. डी. डी.च्या चाळी झाल्या – वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून दोनशे सात. एका खोलीत एक कुटुंब हा झाला सुखवस्तू प्रकार. गावकीच्या खोलीत तर वीस-वीस गडी पाळीपाळीने पाठ टेकीत आणि जेवायला खाणावळवाल्या बाईकडे जात. गव्हर्नरसाहेबांचे उपनगर पाहता पाहता गिरणगाव झाले. माणसे आली, पण मत आले नव्हते.

ते दाराशी आले १९२२ साली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने महिना दहा रुपये भाडे भरणारालाही मत मिळाले. मालक नसलेला, नुसता भाडेकरू असलेला मनुष्य मुंबईत प्रथमच मतदार म्हणून ओळखला जाऊ लागला. गिरगावातला कारकून, दादरच्या नव्या वस्तीतला शिक्षक, गिरगावातलाच एखादा छापखानेवाला – यांच्या घरी आता उमेदवार हात जोडून येऊ लागले. बायकांनाही सभागृहाचे दार उघडले : गिरगावात हिंद महिला समाज चालवणाऱ्या अवंतिकाबाई गोखले १९२३ साली कार्पोरेशनात जाऊन बसल्या. परंतु गिरणीकामगाराच्या खोलीचे भाडे बहुधा दहा रुपयांच्या आतच असायचे. आणि खोलीत दहा माणसे असली तरी भाडेपावती एकाच्याच नावाची. गिरगावचे मत झाले, दादरचे झाले. परळ पुन्हा उंबरठ्याबाहेरच. ज्याला मत नाही तो आपले म्हणणे दुसऱ्या रीतीने सांगतो. १९२८ साली गिरणी कामगार युनियन निघाली आणि सहा महिने गिरण्या बंद राहिल्या. परळच्या लोकांनी मतपेटीत हात घालण्याआधी यंत्रावरचा हात काढून घ्यायला शिकून घेतले, हे पुढचा इतिहास वाचताना विसरू नये.

आता याच परळातल्या दोन खोल्यांकडे वळू. पोयबावडीजवळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या एक नंबर चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या खोल्यांत एक भाडेकरू १९१२ पासून बावीस वर्षे राहत होते. कोलंबियाची आणि लंडनची पदवी घेऊनही ते याच जिन्यावरून चढत-उतरत होते. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून ते तिकडे गेले, तरी १९३७ साली प्रांतिक विधिमंडळाची निवडणूक आली तेव्हा त्यांनी 'भायखळा आणि परळ' हाच मतदारसंघ धरला.

समोर काँग्रेसने उभे केले ते पी. बाळू – पाळवणकर बाळू. जुन्या क्रिकेटशौकिनांना निराळी ओळख सांगायला नको. १९११ साली विलायतेस गेलेल्या हिंदी संघातून त्यांनी शंभरावर बळी घेतले होते. अस्पृश्य म्हणून ज्याला चहा वेगळ्या भांड्यातून घ्यावा लागला आणि ज्याच्या डावखुऱ्या गोलंदाजीपुढे साहेब चाचपडले, असा हा मनुष्य. बाबासाहेबांनाही त्यांच्याविषयी एके काळी मोठे कौतुक. दोन मोठी माणसे, दोघेही एकाच दुःखातून वर आलेली, आणि परळच्या राखीव जागेसाठी एकमेकांसमोर उभी! निकाल लागला : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५.

या निवडणुकीची एक तऱ्हा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मतदारसंघात जागा एकाहून अधिक असल्या तर मतदाराला तितकी मते मिळत, आणि मुंबई इलाख्यात ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची मुभा होती. जो समाज संख्येने थोडका, पण एकदिलाचा, त्याला या मुभेचा मोठा आधार. तरीही त्या काळी मत होते हिंदुस्थानातल्या सातांतल्या एकाला, फार तर. परळातल्या पुष्कळांनी ती निवडणूक गॅलरीतून पाहिली.

सर्वांना मत मिळाले ते स्वातंत्र्यानंतर. १९४८ सालची कार्पोरेशनची निवडणूक ही प्रौढ मतदानावर झालेली पहिली निवडणूक. पन्नास रुपये, तीस रुपये, दहा रुपये – सारे हिशेब संपले. गावकीच्या खोलीत भिंतीशी वळकटी लावून राहणारा गडी आणि खाणावळवाली बाई, दोघेही एका रांगेत उभी राहिली. १८७२ पासून मोजले तर या रांगेला शाहत्तर वर्षे लागली.

आणि मग आली १९५२ ची लोकसभा. परळ आता 'मुंबई शहर उत्तर' या मोठ्या मतदारसंघात होते. इथे दोन जागा. एक सर्वसाधारण, एक राखीव. दर मतदाराला दोन मतपत्रिका. त्या वेळी शिक्का मारायचा नसे. दर उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर चिन्ह, आणि आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. परंतु नियम असा, की दोन चिठ्ठ्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकल्या पाहिजेत. एकाच पेटीत दोन्ही टाकल्या तर एक बाद. १९३७ ची मुभा गेली होती.

उमेदवार तरी कोण! समाजवादी पक्षाचे अशोक मेहता आणि त्यांच्या जोडीला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. आंबेडकर, काँग्रेसचे व्ही. बी. गांधी आणि नारायण सदोबा काजरोळकर. कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे. घटना लिहिणारा मनुष्य त्याच घटनेखाली पहिल्यांदा मत मागायला परळात आला होता. मतमोजणीत गांधींना १,४९,१३८, मेहतांना १,३९,७४१, काजरोळकरांना १,३८,१३७, आंबेडकरांना १,२३,५७६ आणि डांग्यांना ९६,७५५ मते पडली. सर्वसाधारण जागा गांधींना गेली, राखीव काजरोळकरांना. मेहता काजरोळकरांपेक्षा अधिक मते घेऊनही हरले, आणि बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले. चौऱ्याहत्तर हजारांवर मतपत्रिका बाद ठरल्या होत्या. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकून दुसरे मत वाया घालवा असा प्रचार डांग्यांच्या बाजूने झाला, अशी तक्रार आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक न्यायाधिकरणापुढे नेली. ती फेटाळली गेली. बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेत गेले. दोन जागांचे मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने मोडीत निघाले. ज्या गावाने शाहत्तर वर्षे मताची वाट पाहिली, त्या गावाने मत हाती येताच आपल्याच जिन्यावरच्या माणसाला पाडावे, हे वाचताना आजही जीव चुटपुटतो. पण मत म्हणजे कृतज्ञतेची पावती नव्हे, हेही त्यातूनच शिकावे लागते.

पाच वर्षांत वारे फिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या होत्या, आणि १९५७ साली त्याचा हिशेब मतपेटीत झाला. १९५२ साली पडलेले डांगे समितीच्या पाठिंब्याने मोठ्या मताधिक्याने लोकसभेत गेले. दादरने आचार्य अत्र्यांना विधानसभेत धाडले. कार्पोरेशनही समितीच्या हाती आले. त्या वर्षी महापौर झाले मो. वा. दोंदे – शिक्षकांचे पुढारी! परळच्या वाडिया इस्पितळावरून जाणाऱ्या रस्त्याला आचार्य दोंदे मार्ग असे नाव आहे. तिथून जाताना आमच्या पेशाची मान जरा ताठ होते. पाठोपाठ १९५८ साली मीरत कटाच्या खटल्यातले कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. ज्या सभागृहात घोडागाडीवाल्यांचे प्रतिनिधी बसत, तिथे आता लाल बावट्याचा मनुष्य खुर्चीवर होता.

पुढचे पान सणाच्या दिवसांत उघडायला मन धजत नाही. पण ते गाळले तर इतिहास खोटा होईल. १९६७ साली परळने कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई यांना विधानसभेत पाठवले. १९६६ साली निघालेल्या शिवसेनेने १९६८ च्या कार्पोरेशन निवडणुकीत ४२ जागा मिळवल्या. एकाच चाळीत, एकाच जिन्यावर, दोन झेंडे लागले. ५ जून १९७० च्या रात्री लालबागेत कृष्णा देसाईंचा खून झाला. ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली. एका बाजूस त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई, दुसऱ्या बाजूस शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले. ते सेनेचे पहिले आमदार. १,६७९ म्हणजे किती? परळच्या तीन-चार भरलेल्या चाळींतली माणसे. इतक्या थोडक्या फरकाने एका वस्तीने आपली दिशा बदलली. त्या फरकाच्या दोन्ही बाजूंना एकाच गावची, एकाच भजनी मंडळातली, एकाच खात्यात काम करणारी माणसे होती, हे आकड्यात दिसत नाही.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्या थांबल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. तरी १९८४ च्या डिसेंबरात, सबंध देश काँग्रेसच्या बाजूने वाहत असताना, दक्षिण-मध्य मुंबईने डॉ. दत्ता सामंतांना लोकसभेत पाठवले. गिरणगावाने एक गट्ठा होऊन दिलेले ते अखेरचे मोठे मत, असे मला वाटते. कामगार हरले होते. मतदार अजून उभे होते. परंतु पगार नाही तिथे खोली किती दिवस टिकणार? कोणी पागडी घेऊन खोली सोडली, कोणी मुलीच्या लग्नासाठी विकली. माणसे डोंबिवली, नालासोपारा, विरार, बदलापूर अशी रेल्वेच्या रुळांबरोबर लांबत गेली. धुराड्यांच्या जागी मॉल आणि उंच मनोरे उभे राहिले.

शिरगणतीने हे टिपले. मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली ३३ लाख ३८ हजार लोक होते, २०११ साली ३० लाख ८५ हजार. उपनगर जिल्हा याच काळात ८६ लाखांवरून ९३ लाखांपुढे गेला. आमदारांच्या जागा लोकसंख्येवर वाटायच्या असतात, आणि ती वाटणी कित्येक वर्षे १९७१ च्या शिरगणतीवरच थांबवून ठेवलेली होती. २००८ साली ती उठली तेव्हा एकदम उलगडा झाला : शहराचे सतरा मतदारसंघ होते ते दहा झाले, उपनगरांचे सतरा होते ते सव्वीस. परळ गेले, त्याबरोबर दादर, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, खेतवाडी, उमरखाडी, माटुंगा हीही नावे गेली. गिरगावचे नाव तर त्याहून आधीच गेलेले. २००९ पासून परळकर मत देतात ते बहुतांशी शिवडीच्या नावाने.

यात कोणी परळवर अन्याय केला असे मी म्हणणार नाही. माणूस जिथे, मत तिथे. हिशेब चोख आहे. एके काळचे उपनगर शहर झाले, शहर होऊन ओसरले, आणि त्याची मते नव्या उपनगरांना गेली. पण हिशेब चोख असला म्हणून तो भरणाराला सोपा असतो असे नाही. मतदारयादीच्या तपासणीला लालबागच्या एका चाळीत फिरत होतो. एका दाराला कुलूप. शेजारून एक आजी पुढे आल्या. त्या दिवशी देवाला दिवा लावायला म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या.

"मास्तर, माझं नाव काढू नका हो."

"आजी, राहता कुठे तुम्ही?"

"राहते मुलाकडे, नालासोपाऱ्याला. पण खोली इथंच आहे ना. गिरणी कामगारांच्या घराच्या सोडतीत आमचा नंबर अजून लागायचाय. इथलं नाव गेलं तर आम्ही परळचे होतो हे कोण मानणार?"

मी त्यांना समजावले, की सोडतीचा आणि मतदारयादीचा संबंध नाही. राहत्या ठिकाणी नाव नेण्याचा अर्ज असतो, तो भरला म्हणजे मत कुठे जात नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मत जात नाही ते खरं, मास्तर. पण तिकडं मला कोण ओळखतं? इथं उमेदवार जिना चढून येतो तर मला नावानं हाक मारतो."

मला वाटते, परळच्या मताचे मर्म त्या बाईंनी सांगितले. शाहत्तर वर्षे ज्यांनी वाट पाहिली त्यांना नुसती चिठ्ठी नको होती. एका जिन्यावर राहणाऱ्या, एका भोंग्यावर उठणाऱ्या माणसांचे मत एकत्र पडते तेव्हा त्याला आवाज येतो. तेच लोक पन्नास स्टेशनांवर विखुरले की मते तितकीच राहतात, आवाज मात्र विरळ होतो. कार्पोरेशनचीच गोष्ट घ्या. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईला निवडलेले सभागृहच नव्हते; क्रॉफर्डसाहेबांच्या काळाप्रमाणे सारा कारभार अधिकाऱ्याच्या हाती. १८७१ साली शहराने त्यावर ओरड केली होती. या खेपेस चाळीतल्या जिन्यावर त्याची चर्चा फारशी ऐकू आली नाही.

मतदारसंघाचे नाव पुसले म्हणून मला खंत नाही. नावे येतात आणि जातात. पण नव्या मनोऱ्यांत राहायला आलेल्यांनी आणि विरार-बदलापुरास गेलेल्यांनी, दोघांनीही, एवढे मुलांना सांगून ठेवावे : यादीतली ही एक ओळ आपल्या आधीच्या माणसांना फुकट मिळालेली नव्हती. ती आधी पन्नास रुपयांना होती, मग तीसांना, मग दहांना. आणि ज्यांच्यापाशी तेवढेही नव्हते, त्यांनी तिची वाट पाहण्यात दोन पिढ्या घातल्या.